नलूमावशीचा चिमटा

नलूमावशीले कोनी बिचारी म्हनलं तं मी भांडते. मी आठवीत शाळा सोडली तवा आळीतल्या साऱ्यायनं मले अक्कल शिकवली. मावशीनं एवढंच इचारलं, "जेवली काय वं?"

वातानं तिच्या दोन्ही हाताची बोटं आखडली. मनगट चालते, कोपर चालते, मूठ मिटत नाही. आन् तिची बकरी चंपी दुसऱ्या कोनाले सडाले हात लावू देत नाही. मावशीचा पोरगा राजदीपदादा म्हने, "दूध साचून कास सुजून राह्यली तिची. शुक्रवारच्या बाजारात इकून टाकतो." मावशी तोंड फिरवून बसली.

माह्या बाबाचं राळेगावात सायकलचं दुकान हाये. तिथं मी दोन फळ्यायचा, लांब दांड्याचा चिमटा केला. आतून ट्यूब चिपकवली. दांडे मनगटाले बांधाचे आन् मनगटानंच दाबाचं. रबरी हातमोज्यात पानी भरलं, बोटाले सुईनं भोक पाडलं, दाबलं. अशी धार! मी लगेच इंजिनिअर.

चिमटा मावशीच्या मनगटाले बांधून सडाले लावला, तं चंपीनं लाथ मारून खाली ठेवलेला दुधाचा गंज पालथा केला. धार तं सोडा, थेंब नाही. मोज्यातून येते, मंग सडातून काहून नाही?

मावशी हासली. "तू कधी दूध काढलं काय?"

"नाही."

"मंग कायले शायनी बनते? आपलाच आंगठा धर, सड समज. आधी वर आवळ. नाही तं दूध वापस कासीत जाते. मंग एकेक बोट खाली मिटत ये."

मी करून पाह्यलं. अरे! एवढे दिवस मी मूठ म्हंजे एकच काम समजत होती.

मंग ट्यूबच्या वरच्या बाजूले तीन घड्या लावल्या, खाली एकच. दाबलं का वरून पह्यले मिटते, मंग खाली. तरी लाथ. फळी थंडी लागे म्हनून मावशीनं चिमटा काखेत धरून गरम केला.

शुक्रवारी सकाळी राजदीपदादा दोर घेऊन उभा. मावशीनं दांडे दाबले. गंजात चर्र वाजलं. मंग पुन्हा. चंपी पाला खातच राह्यली.

कपभरच निंघालं.

"काय पाहून राह्यला?" मावशी दादाले म्हनली. "दोर खुटीले टांग. गंज उचल, चहा मांड."

चहा झाला. मावशीनं दोन मनगटायत कप धरला, तं तो घसरे. मी खाली बसून पाहू लागली, नेमका कुठून घसरते.

"पोट्टे," मावशी म्हनली, "आधी तुहा चहा पे."