हिचा हसरा फोटो

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत माझ्या साडूंइतकी माणसं कुणी चिडवली नसतील, आणि चिडवून झाल्यावर त्यांना इतका चहाही कुणी पाजला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पोलादपूरला, नोकरी कारकुनाची, आणि निवृत्त झाल्यावर लागलेला नाद फोटोचा. पण हसऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही, ही त्यांची अट. "हसताना सगळी माणसं एकमेकांसारखी दिसतात हो मास्तर," ते मला म्हणायचे, "चिडली की मगच ज्याची त्याची होतात." त्यामुळे समोरच्याला आधी काहीतरी झोंबणारं बोलायचं आणि भडका उडाला की बटण दाबायचं, अशी त्यांची रीत होती.

खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे आपल्याकडे नुकते दिसू लागले होते. एक निवडायला साडूंनी मला महाडच्या बाजारात इतक्या वेळा हिंडवलं, की दुकानदार आम्हाला बघून शटरकडे बघायला लागले. दुकानदार मेगापिक्सेल सांगायचा, झूम सांगायचा. साडू कॅमेरा त्याच्याचवर रोखायचे आणि शांतपणे म्हणायचे, "पलीकडे हाच स्वस्त मिळतो. शिवाय त्याचा माल खरा असतो." दुकानदार उसळायचा, साडू बटण दाबायचे आणि पडद्याकडे बघून मान हलवायचे. त्या वेळच्या स्वस्त कॅमेऱ्यात बटण दाबणं आणि फोटो निघणं यात एक सुस्कारा सोडण्याइतकं अंतर असायचं. "राग ओसरल्यावर फोटो येतोय. नको." शेवटी एक दुकानदार कावून ओरडला, "अहो काका, बटण अर्धं दाबून धरा, मग काय तो अपमान करा, आणि मग पुरतं दाबा!" साडूंनी तसं केलं. दुकानदाराचा राग ताजा निघाला. तोच चंदेरी कॅमेरा त्यांनी घेतला. तो पेन्सिल सेलवर चालायचा हा आणखी एक गुण, कारण पोलादपूरच्या विजेपेक्षा पानवाल्याकडच्या सेलवर त्यांचा भरवसा जास्त.

पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढू नये म्हणून तो तांदळाच्या डब्यात पुरलेला असे. एकदा हिच्या बहिणीने तांदळाबरोबर तोही पातेल्यात घेतला आणि पाण्याचा तांब्या ओतता ओतता थांबली. त्यानंतर ती जे बोलली त्याचाही फोटो आहे. कापडे गावात एका लग्नात ओटीवर बसलेल्या म्हातारीला साडू म्हणाले, "आजी, तुझ्या म्हशीच्या दुधात पाणी असतं म्हणे." म्हातारी ताडकन उठली. "कोन बोलला रे असा? म्हस हाय ती माझी, सावित्री नदी नाय!" मग पडद्यावर स्वतःचं ते रूप बघून तीच इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "गो सूनबाय, बघ तरी! अशी दिसतंय होय मी तुला?"

आमच्या हिचाही असाच एक फोटो होता. आमच्या स्वयंपाकघरात साडू पानावर बसून म्हणाले, "आमटी काही तुझ्या ताईसारखी जमली नाही." ही डाव घेऊन वळली. "मग जा ताईकडेच! आणि यांनाही घेऊन जा, हेही मनात तेच म्हणत असतील!" भुवया वर, तोंड उघडं, डाव अर्धा साडूंवर आणि अर्धा माझ्यावर रोखलेला. हुबेहूब ही.

पुढे ही गेली. भिंतीवर लावायला अलीकडचा म्हणावा असा तोच एक फोटो. "आई ओरडताना कशी लावायची?" मुलं म्हणाली. मी तो गुपचूप बाजारातल्या स्टुडिओत नेला. तिथल्या पोऱ्याने संगणकावर डाव पुसला, भुवया खाली आणल्या आणि ओठ मिटून दोन्ही टोकांना वर वळवले. वर्षश्राद्धाला आलेला जो तो विचारी, "किती गोड आलाय! कुणी काढला?" मी म्हणालो, "साडूंनी." लोकांनी साडूंना घेरलं. "सुधारलात की! शेवटी एक तरी हसरा काढलात!" साडू फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. "छान आलाय," म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

मग लोक नवे कपडे घालून, पावडर लावून त्यांच्या दारात येऊ लागले. "मास्तरीणबाईंचा काढलात तसा काढा." साडू म्हणायचे, "सेल संपलेत." हळूहळू कॅमेरा बारा महिने तांदळातच राहू लागला. लोक म्हणाले, साडूंचं वय झालं. का ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो.

एकदा पोलादपूरला त्यांच्या पडवीत बसलो असताना मला ते असह्य झालं. मी आत जाऊन तांदळातून कॅमेरा काढला, खिशातून नेलेले सेल भरले, त्यांच्यावर रोखला आणि बटण अर्धं दाबून म्हणालो, "साडू, तो हसरा फोटो तुमचा नाही. मी स्टुडिओत तिचे ओठ वळवून घेतले आणि नाव तुमचं सांगितलं." आता तरी हा माणूस भडकेल, भडकायलाच हवा, म्हणून मी बटण पुरतं दाबलं.

पडद्यावर साडू हसत होते.

"मास्तर, माझ्या बोलण्यावर ती कधी गोड हसली होती का? मला तेव्हाच कळलं. तुम्हाला हसरी हवी होती, म्हणून बोललो नाही. आता कुणाला सांगत बसू नका, मुलं हिरमुसतील."

त्या कॅमेऱ्यातला तो एकच हसरा फोटो. आज तो पोलादपूरला त्यांच्या भिंतीवर आहे, हार घातलेला. साडू असेपर्यंत मी शब्द पाळला. आता सगळ्या नातेवाइकांसाठी सांगतो: हिचा हसरा फोटो साडूंनी काढलेला नाही, त्यांनी असलं काम कधीच केलं नाही. तो मी भिंतीवरून खाली काढला आहे आणि त्यांनी काढलेला खरा, डावासकट, तिथे लावला आहे. मुलगी माहेरी आली की विचारते, "बाबा, पाहुणे काय म्हणतील?" म्हणू देत.

आमटी आता मीच करतो. पहिला भुरका मारला की फोटोकडे बघून मोठ्याने म्हणतो, "ताईसारखी नाही जमली."