जन्मभर पास

"१२ नोव्हेंबर २०१५, गुरुवार. पहाटे दव गोठले होते. अंगणातला पाला झाडला. हल्डा ॲपल पाय देऊन गेली. निकाल आज."

आयोवातल्या त्या लहानशा गावात डॉ. अडेला ब्रंक तरुणपणापासून हृदयरोग्यांना तपासत होत्या. नवरा गेल्यावरही दवाखाना एक दिवस बंद राहिला नाही. रात्री-अपरात्री पेशंटनी बोलवावे म्हणून फोन उशाजवळच असे. ही परीक्षा मात्र त्यांनी आपणहून ओढवून घेतली होती. दवाखान्यातले भागीदार, तरुण डॉ. ट्रेंट ऑसगुड यांना हृदयरोगतज्ज्ञांच्या बोर्डाची परीक्षा दर दहा वर्षांनी द्यावी लागे. ते कुरकुरत, "तुम्हा जुन्यांचं बरं आहे. एकदा पास, जन्मभर पास."

टोमणा जिव्हारी लागला. "मीही बसते," त्या म्हणाल्या. "नापास झाले तर माझे पेशंट तुझे."

त्या गुरुवारी सकाळी शेजारच्या हल्डाने विचारले, "नापास झालीस तर दवाखान्याला टाळं का गं?"

"छे. औषध द्यायचा परवाना राज्य सरकारचा. तो तसाच राहतो. बोर्डाचा कागद वेगळा. हृदयाचं काम करणाऱ्यांनीच मला पारखून घेतलंय, एवढं तो सांगतो. माझा जुना, तो काढूनही घेत नाहीत."

"मग तुझी झोप का उडालीय?"

"पारखलं, त्याला पस्तीस वर्षं झाली. औषधं तेव्हाची राहिलीत का?"

दुपारी निकाल आला. थोडक्यात हुकले होते. अडेलाबाईंनी तो ट्रेंटच्या टेबलावर ठेवला. ट्रेंटनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"कुणी विचारणार नाही. तुमचं भिंतीवरचं प्रमाणपत्र अजून चालतं. आणि ती पैज मी कुठे मनावर घेतली होती?"

"मी घेतली होती."

"मग पुढच्या वर्षी परत बसा."

"बसेन की. पास झाले तर पेशंट परत घेईन. तोवर तू सांभाळ. हल्डापासून सुरुवात कर. पथ्य पाळत नाही, आणि विचारलं की खोटं बोलते."

"माझ्याशीही बोलेल?"

"तुझ्याशी जास्तच. तुला ॲपल पाय खायला घालून बोलेल."

ट्रेंट हसले, पण निकालाचा कागद त्यांनी हळूच पालथा घातला.

संध्याकाळी अडेलाबाईंनी रोजनिशीत लिहिले, "ॲपल पायची एक कड जळली होती, कापून टाकली. उशाजवळचा फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवला."