सरांच्या रंगीत पट्ट्या

प्रोग्राम किती वेगानं चालला, हे आमच्या सरांनी कधी विचारलंच नाही. दारातूनच विचारायचे, "कोण बसून राह्यलंय?" नवीन मुलांना वाटायचं, टोमणा आपल्यालाच. पटापट उभी राहायची बिचारी!

सर विचारायचे ते मशीनबद्दल. जालन्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एक मोठं काम आम्ही आठ मशीनना, म्हणजे कॉम्प्युटरना, वाटून द्यायचो. कुठलं मशीन कधी काम करतंय आणि कधी दुसऱ्याची वाट बघतंय, हे दाखवणारं एक साधन सरांनी बारा वर्षं खपून लिहिलं होतं. त्यात प्रत्येक मशीनची एक पट्टी. हिरवं म्हणजे काम, लाल म्हणजे वाट बघणं. सर त्या पट्ट्या कागदावर छापून टेबलावर अंथरायचे आणि चष्मा कपाळावर चढवून लाल शोधत बसायचे. "पळणाऱ्याकडं सगळेच बघतात गं. थांबलेल्याला विचार, कशापायी थांबला." पोरांनी त्यांचं नाव पट्टीवाले सर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

लॅबचा एक दंडक होता. साधन लावल्याशिवाय कुणी प्रोग्राम चालवायचा नाही. बिलकुल नाही. रोज रेल्वेनं बदनापूरहून येणारे सर हातातला डबा ठेवायच्या आधी तेवढं तपासायचे.

माझं शेवटचं वर्ष होतं. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीसाठी मी फोटोंवरून फुटके दाणे ओळखणारा प्रोग्राम लिहिला होता. दिवसभराचे फोटो तासाभरात तपासून झाले, तर नोकरी माझी. गावी मंठ्याला वडील माझ्यासाठी स्थळं बघायला लागले होते. ही नोकरी हुकली की आपलं काय होणार, ते मला पक्कं माहीत होतं. आणि माझा प्रोग्राम अडीच तास घ्यायचा, कंपनीलाही तेच कळवलेलं! पट्ट्या लालभडक. महिनाभर मी काम वेगवेगळ्या तऱ्हेनं वाटून बघितलं, चिडले, रडले. लाल काही हटेना. सर शेजारी बसून म्हणायचे, "होतंय गं, जल्दी न्हाई करायची." मला जल्दी होती ना!

कंपनीचे लोक यायच्या दिवशी सकाळी घाईघाईत मी साधन लावायचंच विसरले. प्रोग्राम पन्नास मिनिटांत संपला. थोडे फोटो घेऊन दोन्ही तऱ्हांनी चालवून बघितलं. साधन लावलं की रखडायचा, काढलं की सुसाट. आठही मशीन साधनाच्या एकाच फाइलमध्ये नोंदी लिहीत होती, आणि त्या लिहिण्यासाठीच एकमेकांची वाट बघत होती. आधीच्या प्रोग्रामांच्या नोंदी थोड्या असायच्या. माझ्या प्रोग्रामची दर दाण्यामागे एक. म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

कंपनी त्याच दिवशी सरांचं साधनही विकत घेणार होती.

सर आले. मी सांगितलं. "परत चालव," म्हणाले. चालवला. ते डबा हातात घेऊनच खुर्चीत बसले. "म्हणजे बारा वर्षं मी..." एवढंच बोलले.

"सर, आज साधनाचं काही सांगू नका," मी म्हटलं.

"मंग ते विचारतील, महिनाभर अडीच तास का लागून राह्यले?"

"माझी चूक होती म्हणेन."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मान खाली घातली.

बैठकीत सर उभे राहिले. "पोरीचा प्रोग्राम बराबर आहे. खोट माझ्या साधनात आहे. ते मी लिहिल्तं. माझ्यापायी ती महिनाभर रडली." कंपनीनं मला घेतलं. साधन घेतलं नाही.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. पण दर शनिवारी जालन्याला यायचे, आणि आम्ही दोघं मिळून साधन दुरुस्त करायचो. आज आमच्या कंपनीत तेच चालतं. पूर्ण झालं तेव्हा सरांनी साधनाच्या पहिल्या पडद्यावर माझ्या एकटीचं नाव घातलं. मी भांडले. "माझ्या नावावर कोण भरोसा ठेवील आता? दुरुस्त तू केलंस," म्हणाले, आणि विषय संपवला. मोठ्या माणसापुढं मी गप्प बसले. तिथं चुकलेच मी.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पहिलं काम ते केलं. माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव टाकलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आता कुणी काढून दाखवावं!