आडनाव आणि लाल चतुर

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायची. सत्तरचं दशक होतं, मी पंचविशीची. फिल्म धुणं तिथल्याच डार्करूममध्ये शिकले आणि एक जुना रशियन कॅमेरा घेतला. आठवडाभर लोकांची हाडं बघितल्यावर रविवारी मला काहीतरी उडणारं बघायचं असे.

पक्षी-प्राणी बघायला जाणाऱ्यांचा एक गट होता. सात-आठ पुरुष आणि मी. त्यांना वाघ, नाहीतर निदान गरुड हवा असे. मला चतुर, ते तळ्याकाठचे पारदर्शक पंखांचे किडे, आवडत. "किड्यांवर रोल काय वाया घालवता?" असं गटाचे म्होरके, एक बँकेतले साहेब, दर वेळी म्हणत. मी घालवत राहिले.

एका रविवारी आम्ही उमरेड रस्त्यावरच्या एका गावतळ्यावर गेलो. बाकीचे बदकांमागे पुढे गेले. मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. पाण्यात माजलेल्या बेशरमाच्या झुडपाच्या काडीवर लाल चतुर बसला होता. तो उडाला तरी फिरून त्याच काडीवर येतो, हे मला ठाऊक होतं. फक्त आपण हलायचं नाही. अगदी वीतभर अंतरावरून मी तीन फोटो घेतले.

"काय करून राहिली वं पान्यात?"

काठावर गावातला एक माणूस उभा होता. हातात काठी.

"फोटो काढते."

"कोनाची व्हय तू? आडनाव काय तुह्यं?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखत होते. माझ्या आईवडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे मला कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. आणि इथे तर मी गावाच्या पाण्यात उभी होते.

"फोटो काढायला आडनाव लागत नाही," मी म्हटलं.

"आमच्या गावचं पानी हाय हे. नाव सांग, नाई तं बाहीर नीघ."

आवाज ऐकून आमचे साहेब धावत आले. पाण्याच्या कडेला येऊन हळूच म्हणाले, "ताई, वाद कशाला? सांगून टाका एखादं आडनाव. हवं तर माझंच सांगा. कोण तपासतंय?"

काठीवाल्याचा आला नव्हता तेवढा राग मला साहेबांचा आला.

"माझं मला आहे," मी म्हटलं आणि आमचं आडनाव मोठ्यानं सांगितलं. "आणि रोल संपेपर्यंत मी इथंच आहे."

तो माणूस पाण्यात थुंकला. गेला मात्र नाही, दगडावर बसून राहिला. माझे तेहतीस फोटो शिल्लक होते. ते सगळे मी काढले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. बरेचसे हललेले निघाले.

पुढच्या रविवारी मला न्यायला गटाची जीप आलीच नाही. फोन केला तर साहेब म्हणाले, "जीपमध्ये जागाच नाही हो, ताई."

मी आईला सगळं सांगितलं. आई सूतगिरणीत कामाला होती, रविवार तिचा झोपेचा. तिनं उठून लुगडं नेसलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला.

"चाल. मले दाखव कोनतं तळं हाय थे."

एसटीनं गेलो. तो माणूस पाण्यात म्हशी धूत होता. आईनं त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"काहून गा, तुह्या म्हशी चालते अन् माह्या पोरीचे पाय चालत नाई? पानी तुह्या बापानं आनलं काय?"

कपडे धुणाऱ्या दोन बायका खुदकन हसल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हशीला उगाच एक थाप मारली. आई काठावर मांडी घालून बसली. "जाय तू पान्यात," ती मला म्हणाली. "मी बसलो हावो."

आम्ही दोघी दर रविवारी जात राहिलो. महिन्याभरानं तो माणूस आणखी चौघांना घेऊन आला. ते बडबडले, शिव्या दिल्या. आई उठली नाही, मीही बाहेर आले नाही. मग ते यायचे थांबले. त्या तळ्यावर मी पुढे नऊ वर्षं गेले. तो माणूस माझ्याशी कधी नीट बोलला नाही, आणि मलाही त्याची गरज वाटली नाही. आई काठावर भाकरी खात बसे. मागं कोणाची चाहूल लागली तरी मी वळून बघणं सोडून दिलं होतं.