हिरव्या फटफटीचा चिमटा

ती घटना आठवली की आजही आधी मला माझाच राग येतो. कारण त्या प्रकरणातला पहिला कागद मीच चुकीचा लिहिला होता.

मी तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या पोलिसात फौजदार होतो. महाराजांचं राज्य होतं. सगळ्या शहरात मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या. एखादी फटफटी रस्त्यावरून गेली की दुकानदार हातातली तागडी खाली ठेवून बघायला बाहेर यायचे.

शाहूवाडीकडच्या डोंगरी भागात देवी टोचणारा एक सरकारी माणूस फिरत असे. तो काही डॉक्टर नव्हता, पण लोक त्याला देवी डॉक्टरच म्हणत. त्या वाड्या एकमेकींपासून कोसकोस लांब. बैलगाडीनं जाईपर्यंत लस उन्हानं निकामी व्हायची, आणि ज्या वाडीवर तो पोचायचा नाही तिथं देवीनं पोरं दगावायची. म्हणून त्यानं जुनी का होईना, एक फटफटी घेतली. त्याची ती पहिलीच. महिना व्हायच्या आत तो एका उतारावर पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

पंचनाम्याला मीच गेलो. काळ्या रंगाची ती फटफटी ओढ्यात पडली होती. पुढचं चाक धरणारा चिमटा तुटून चाक बाजूला झालं होतं. जवळ गुरं राखणारे दोघे होते, पण त्यांनी आवाज झाल्यावर वळून पाहिलं होतं. मी फार विचार केला नाही. लिहिलं, "स्वार नवशिका. वेग बेसुमार. वाहन दगडावर आपटून चिमटा तुटला." सह्या-अंगठे घेतले आणि परतलो. त्या कागदावरून त्याच्या खात्यानं त्याला कामावरून दूर ठेवलं.

आठ दिवसांनी त्याची बायको ठाण्यात आली. डोक्यावर पदर, पण आवाज खणखणीत.

"सायेब, तुमी लिवलंय म्हणं, आमचं मालक भरधाव गेलं?"

"पंचनाम्यात तसं आहे, बाई."

"सायकलीवर असत्यात तवा उतार दिसला की खाली उतरून चालत येणारा मानूस हाय त्यो. भरधाव कुठला जातोय? डोक्याला टोपी, डोळ्याला चष्मा, हातात मोजं घातल्याबिगर गाडीवर बसत न्हवतं. गाव हसायचं त्यास्नी. त्या टोपीनंच डोस्कं वाचलं की!"

मी तिला समजावून परत पाठवलं. स्टेशन डायरीत तिच्या येण्याची नोंदसुद्धा केली नाही.

चार-पाच महिने गेले. गडहिंग्लजच्या बाजूला टपाल लवकर पोचावं म्हणून आमच्या खात्यानं एक फटफटी घ्यायचं ठरवलं. निवडायची मी आणि चालवायचीही मीच. मला सायकल सोडून दुसरं काही येत नव्हतं, पण छाती फुगली हे कबूल करतो. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार बोलण्यात मोठा गोड. त्यानं एक उंच, दणकट, हिरव्या रंगाची गाडी पुढं केली. ती एका गोऱ्या साहेबाची आणि घरात झाकून ठेवलेली, असं त्याचं म्हणणं.

"फौजदारसाहेबांच्या रुबाबाला हीच शोभंल," तो म्हणाला.

मी वर बसून पाहिलं. टाचा उचलून नुसते चवडे जमिनीला टेकत होते. तरी मी हो म्हणालो. नव्या माणसाची पहिली चूक हीच असते. तो गाडी बघत नाही, गाडीवर बसलेला स्वतःला बघतो.

टपालासाठी दोन्ही बाजूंना चामडी पिशव्या लागणार होत्या, आणि मला टोपी. शहरात हे काम करणारे एकच चाचा होते. त्यांच्या घराण्यात घोड्यांची खोगिरं शिवायचा धंदा होता. खोगिराखालचा लोकरीचा जाड नमदा आत आणि वर कातडं, अशी टोपी ते फटफटीवाल्यांना करून देत. देवी डॉक्टरची टोपीही त्यांचीच. चाचांनी दोरीनं माझ्या डोक्याचं माप घेतलं, आणि मग पिशव्यांचं माप घ्यायला माझ्याबरोबर दुकानात आले. त्यांनी हिरव्या गाडीच्या सीटवर हात फिरवला, कडेची शिवण अंगठ्यानं चाचपली आणि बाहेर पडले. रस्त्याच्या पलीकडं गेल्यावर थांबले.

"सायेब, ही गाडी घेऊ नगा."

"का हो?"

"ती सीट म्या शिवलीया. एकदा न्हाय, दोनदा. पयल्यांदा गाडी आपटल्यावर फाटून आली, त्येच्यानंतर देवी डॉक्टरनं ह्याच दुकानातनं गाडी घेतली. दुसऱ्यांदा आली तवा तिला वढ्याचा चिखल हुता."

"तुमचीच शिवण कशावरून?"

"खोगिराचा दुहेरी टाका हाय. शिवणाऱ्याला सोताचा टाका वळखत न्हाई व्हय?"

"मग आजवर बोलला नाहीत ते?"

"कुनी इचारलं? मी कातडं शिवतो. खालचं लोखंड कसलं हाय, मला काय ठावं? आज तुमचं डोस्कं मापलं आन् मग ती सीट बगितली. ऱ्हावलं न्हाय."

मी मनात सगळा क्रम पुन्हा लावून पाहिला. गाडी डॉक्टरकडं जायच्या आधीच कुठंतरी आपटलेली असेल, तर चिमटा पडल्यामुळं तुटला नव्हता. चिमटा तुटला म्हणून तो माणूस पडला होता. मी क्रम उलटा लिहिला होता.

दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. तो घाबरला नाही.

"डॉक्टरची मोडकी गाडी मी परत घेतली आणि मोडीत घातली, साहेब. सीट तेवढी चांगली होती, ती हिला लावली. त्यात गुन्हा काय?"

उत्तर चोख होतं. सीटवरून सगळी गाडी तीच आहे हे सिद्ध होत नव्हतं. चिमटा मी भिंग लावून पाहिला. रंग एकसारखा, गुळगुळीत. मग त्याच्या मिस्त्रीला आत घेतलं. चाळिशीचा, खाली मान घालून बसणारा माणूस. "मालक सांगत्याल ते रंगवतो, मला काय म्हाईत न्हाय," एवढंच तो बोलत राहिला. जमादारानं कोपऱ्यातल्या काठीकडं पाहिलं. मी नको म्हणालो. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो. ते खरं असेलच असं नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. गाडी कशी पळते असं विचारलं की तो नजर चुकवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी गाडी बैलगाडीत घालून पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका लांब उतारावर नेली. दोन पंच, जमादार, मिस्त्री आणि मी. दुकानदारालाही बरोबर घेतलं. चाचांनी शिवलेली माझी नवी टोपी मिस्त्रीच्या डोक्यावर घातली, पट्टा हनुवटीखाली आवळला. चष्मा आणि हातमोजे दिले.

"गाडीचं काही माहीत नाही म्हणतोस ना? मग खालच्या वळणापर्यंत जाऊन ये. वळणावर ब्रेक दाब, एवढंच."

तो गाडीवर बसला. दोन्ही हातांनी हँडल धरलं. किकवर पाय ठेवला, आणि पाय तिथंच राहिला. वारा होता, तरी त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. त्यानं मालकाकडं पाहिलं. मालक दुसरीकडं बघत होता.

"सायेब..." तो खाली उतरला. "न्हाय जमायचं. उतारावर ब्रेक मारला की चिमटा जातोय. डॉक्टरचा तसाच गेला."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय. तडा गेलता. पितळंनं झाळून सांधला आन् वर रंग दिला. मालक म्हणालं, सपाटीला चालती की. तुटल्यावर बी मीच परत जोडला." त्यानं टोपी काढली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडला. "त्या मानसाला चालताना बगितलं की मी गल्ली बदलतो, सायेब."

पंचांसमोर त्यानं स्वतःच कानस घेतली आणि चिमट्याची नळी घासली. हिरवा रंग गेला, खाली काळा निघाला, आणि काळ्याखाली बोटभर पिवळी रेघ. दुकानदाराचं गोड बोलणं तिथं संपलं.

मिस्त्री खरंच गाडी घेऊन निघाला असता तर? लोकांनी मला हे पुढं पुष्कळ वेळा विचारलं. जमादार पुढं उभा होता आणि मी मागचं कॅरिअर घट्ट धरलं होतं. तरी तो प्रयोग मी पुन्हा कधी केला नाही.

ठाण्यात आल्यावर मी वरिष्ठांना अहवाल लिहिला. त्यात, माझा आधीचा पंचनामा चुकीचा असून देवी डॉक्टरचा काही दोष नाही, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी वाचून विचारलं, "स्वतःविरुद्ध स्वतःच लिहितोस?" मी हो म्हणालो. माझ्या नोकरीच्या नोंदीत शेरा पडला, तो निवृत्त होईपर्यंत राहिला. दुकानदाराला शिक्षा झाली, डॉक्टरकडून घेतलेली गाडीची किंमत त्याला परत करावी लागली. मिस्त्री माफीचा साक्षीदार झाला. देवी डॉक्टरला कामावर परत घेतलं गेलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यानंतरची एक सकाळ. दुसऱ्या दुकानात आम्ही गाड्या बघायला गेलो होतो, एक खात्यासाठी आणि एक डॉक्टरसाठी. डॉक्टर काठी टेकत, त्याची बायको, मी, आणि आमच्यामागं संकोचत आलेला तो मिस्त्री. मीच त्याला बोलावलं होतं. तो प्रत्येक गाडीची नळी हातोडीनं हलकेच वाजवून बघायचा, चाक उचलून फिरवायचा, जोडाजवळचा रंग नखानं खरवडायचा. डॉक्टर आधी लांबूनच त्याचे हात बघत होता. मग त्यानं विचारलं, "ही बरी हाय का?"

"ही मी माझ्या पोराला बी देईन," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरची बायको पुढं झाली. "मालक, बसा. पाय टेकत्यात का बगू द्या. चवडं न्हाय, पुरं पाऊल." पाऊल पुरतं टेकलं. गाडी लहान होती, रुबाबदार मुळीच नव्हती. मी तसलीच दुसरी घेतली.

चालवायला आम्ही दोघं एकाच मैदानावर शिकलो. डॉक्टर भीत होता, मी त्याच्याहून जास्त. आठवडाभर नुसतं थांबायला शिकलो, मग पळवायला. त्या साली थंडीत तो टोपी, चष्मा, हातमोजे घालून डोंगरात गेला आणि उन्हाळा तापायच्या आत एकही वाडी न सोडता परत आला.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पडलेल्या माणसाला दोष देणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून पोलिसानं ते सगळ्यात शेवटी करावं. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला तुरुंगाइतकंच दुसरंही काही द्यावं लागतं, ती चूक सुधारायची जागा. मिस्त्रीला ती मिळाली, मलाही मिळाली. पुढं नोकरीभर मी पंचनामा लिहिताना "आधी काय झालं?" हा प्रश्न स्वतःला दोनदा विचारत असे, आणि ठाण्यात आलेल्या प्रत्येक बाईची नोंद डायरीत करत असे.