गालाची पारख

लाकूड वाळलं की नाही, हे थोरल्या बाईंना गालाला लावून कळायचं. ओलं लाकूड गार लागतं. तीस वर्षं त्यांच्या लाखेच्या डब्यांच्या कारखान्यातला प्रत्येक ठोकळा आधी त्यांच्या गालाला लागे, मगच लेथवर चढे. "भाऊजींच्या गालाला तरी कधी इतका वेळ गाल लावलात का, जाऊबाई?" असं धाकटी जाऊ चिडवी. ती पारख शिकायची तिची फार इच्छा. पण बाई टाळत आल्या होत्या.

बाकी दुकानांनी यंत्रावर रंग फवारलेले डबे घ्यायला सुरुवात केली होती. उरला होता एकच दुकानदार. या खेपेचे साठ डबे नीट उतरले तरच पुढचं बोलू, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. पाच बायकांचं काम त्यावर टिकणार होतं.

लाकूड निवडायच्या दिवशी बाईंच्या अंगात ताप होता. तापाचं बोलल्या असत्या तर ठोकळे जावेच्या गालाला गेले असते. सगळेच ठोकळे गार लागले. तापलेल्या गालाला काहीही गारच लागणार, अशी मनाची समजूत घालून त्यांनी सगळे पुढे दिले.

मग बायकांनी फिरत्या डब्यांवर लाखेच्या कांड्या टेकवल्या, वितळलेली लाख घोटून घोटून आरशासारखी केली. आठवड्याभरात आतलं लाकूड आक्रसलं. लाखेला केसासारख्या चिरा गेल्या आणि झाकणं अडकून बसली. खरवडून पुन्हा लाख द्यावी, तर लाकूड तेच.

दुकानदार आला. त्यानं चार झाकणं ओढून पाहिली. लाकूडवाल्यानं फसवलं, असं जाऊ सांगू लागली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "त्याचा दोष नाही. मला ताप होता आणि मी बोलले नाही."

तो भला माणूस. रागावला नाही. पाणी प्यायला, चप्पल घातली आणि यापुढे यंत्राचेच डबे घेईन म्हणाला.

बायका एकेक करून उठल्या. जाऊ टोमणा मारेल म्हणून बाई वाट बघत बसल्या. तिनं तेवढंही केलं नाही. शेवटी बाईंनीच एक कोरा ठोकळा उचलून गालाला लावला. बराच वेळ तसाच धरला. काही कळेना. तो जावेपुढे करून त्या म्हणाल्या, "घे. आता तू बघ."

जावेनं तो हातात घेतला. गालाला न लावताच खाली ठेवला.

"आता कुणासाठी बघू, जाऊबाई?"