पहिली अक्षत

नोकरीतले खून-दरोडे मी आता बऱ्यापैकी विसरलो आहे. मनातून जात नाही ती देवासची एक साधी गुमशुदगी, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद. तिच्यात ना गुन्हा होता ना गुन्हेगार.

तेव्हा मी देवासच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना पन्नाशी उलटलेली एक बाई आत आली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्या निवासात तिनं आईला ठेवलं होतं. मूळची धारची, ऐंशीच्या घरातली ती आई पहाटेच्या चहानंतर नाहीशी झाली होती. मुन्शी हिंदीत नोंद लिहीत होता. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून बाई मराठीत आली.

"साहेब, आई मला ओळखत नाही. पाहुणी समजून 'चहा घ्या' म्हणते. तरी मला ती हवीय हो."

घरात काही भांडण, वाद? हा प्रश्न आम्ही विचारतोच. बाईनं सांगून टाकलं. तिनं वडिलांच्या मनाविरुद्ध एका अमराठी, मालवी मुलाशी कोर्टात लग्न केलं होतं. आई तेव्हा एक शब्द बोलली नव्हती, ना बाजूनं ना विरुद्ध. वडील गेल्यावर येणं-जाणं सुरू झालं, पण तो विषय दोघींनी कधी काढला नाही.

"आज विचारीन, उद्या विचारीन म्हणत राहिले, आणि आई विसरून गेली," ती म्हणाली.

एवढ्यात बसस्टँडवरून खबर आली, अशाच वर्णनाची म्हातारी इंदूरच्या बसमध्ये चढली आहे. मला लगेच पटलं. म्हातारं माणूस हरवलं की घराच्या दिशेनं जातं, असा माझा ठाम सिद्धांत होता आणि धारची वाट इंदूरवरूनच जाते. जीप पिटाळली. बस अडवली तर आत भलतीच आजी, नातवाच्या मुंजीला निघालेली. भर बसमध्ये तिनं मला असं झापलं की माझा हवालदार खिडकीबाहेर बघत राहिला. दोन तास पाण्यात गेले.

मग निवासात चौकशीला बसलो. फाटकाची कडी शाबूत होती, म्हणजे ती कुणीतरी उघडली होती. सकाळच्या पाळीची सेविका कन्नौदकडची होती, वीस-बावीस वर्षांची. ती नजर वर करेना. आवाज चढवला की खरं बोलू पाहणारा माणूसही गप्प होतो, हे मी नोकरीत फार उशिरा शिकलो. मी हवालदाराला खूण केली. त्यानं तिला पाणी दिलं.

"बोल दे बेन, डरे मती," घाबरू नकोस असं तो तिच्याच मालवीत म्हणाला.

"अम्माजी सबके तकिये पे लाल चावल रखती थी, साब. बोलती थी, आना जरूर. हमको लगा टोटका है," तिला रडू फुटलं. "आज मेरे हाथ में दे दिए. मैं घबरा के नाले में बहाने गई, और कुंडी खुली रह गई."

तांदूळ स्वयंपाकघरातले होते, कुंकू निवासाच्या देव्हाऱ्यातलं. तिथं मराठी दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे टोटका, म्हणजे करणी समजून सगळे घाबरून ते तांदूळ रोज केरात टाकत होते. मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे कार्य निघालं की कुंकवाची अक्षत देऊन आमंत्रण करतात, आणि पहिली अक्षत कुलदैवताला जाते.

"तुमची कुलदेवी कोणती?" मी सोबत आलेल्या म्हातारीच्या मुलीला विचारलं.

"भवानी."

भवानीचं देऊळ असलेली देवासची टेकडी निवासाच्या खिडकीतून समोर दिसत होती.

म्हातारी पंधरा-वीस पायऱ्या चढून दमून बसली होती. ओच्यात तांदूळ होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ती चार चार दाणे ठेवत होती. मुलगी तिच्या खालच्या पायरीवर बसली. आईनं तिच्याही तळहातावर दाणे ठेवले.

"बाई, लेकीचं कार्य काढलंय," ती म्हणाली. "मुलगा मालवी आहे, पण तिनं निवडलाय ना. ह्यांना मी साफ सांगितलंय, लग्न आपल्याच दारात व्हायचं. तुम्ही सहकुटुंब या."

मुलीनं ते दाणे पदराच्या टोकाला बांधले. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

"येते," मुलगी म्हणाली. "घरच्यांना घेऊन येते."

आम्ही सापडल्याचा पंचनामा केला. म्हातारीचा जबाब मात्र मी घेतला नाही. ज्याला आजचा वार सांगता येत नाही, त्याची साक्ष कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इतका खरा जबाब मी दुसरा ऐकलेला नाही. पुढे माझ्या शिपायांना मी सांगत असे, विसराळू म्हातारं माणूस पळून जात नाही, ते काहीतरी कामाला निघालेलं असतं. ते काम काय, ते आधी शोधा.

माझ्या निवृत्तीनंतर ती मुलगी एकदा बाजारात भेटली. आई आहे, पण अक्षतीचं सगळं विसरली. मुलगी दर रविवारी चांगली साडी नेसून तिच्यासमोर जाऊन बसते.

"पुन्हा एकदा बोलावेल म्हणून बसते, साहेब," ती म्हणाली. "ती चहा घ्या म्हणते. मी घेते."